अढीतली शाळा

साहेबांनी माझ्याविषयी काढलेले पहिले उद्गार होते, “ह्यांना सध्या अढीत घाला.”

हे ते मला म्हणाले नाहीत, शिपायाला म्हणाले. मी समोरच उभा होतो, हातात माझ्या कामगिरीचा आदेश घेऊन. शिक्षण खात्यात ‘कामगिरी’ हा शब्द पराक्रम या अर्थानं वापरत नाहीत. शाळेत शिकवणाऱ्या मास्तरला उचलून ऑफिसात कारकुनीला बसवायचं, याला कामगिरी म्हणतात. माझं अक्षर चांगलं आणि वर्गावरचा ताबा यथातथा, त्यामुळे या कामगिरीला मी दोन्ही बाजूंनी लायक होतो. आमच्या मुख्याध्यापकांनी मला सोडताना पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

शिपायानं माझ्या हातातला कागद घेतला, साहेबांच्या खुर्चीमागचं लोखंडी कपाट उघडलं आणि अगदी खालच्या कप्प्यात तो सरकवून दिला. मला म्हणाला, “बसा बाहेर.” मी ऑफिस सुटेपर्यंत बाहेर बसलो.

संध्याकाळी सिल्व्हर पार्कातल्या घरी येऊन मी बायकोला सांगितलं, “नव्या साहेबांच्या मनात माझ्याबद्दल अढी आहे.”

“पहिल्याच दिवशी?” ती म्हणाली. “अहो, एवढ्यात काय बोललात तुम्ही त्यांना?”

“काहीच बोललो नाही.”

“मग त्याचाच राग आला असेल.”

साहेब राजापूरकडचे. त्यांची अढी मनातली नव्हती, आंब्याची होती, हे मला शिपाईमामांकडून कळायला आठवडा गेला. झाडावरून उतरवलेला कच्चा आंबा गवतात रचून ठेवतात ती अढी. साहेबांच्या कपाटाचा खालचा कप्पा म्हणजे अढी. तिथे त्यांच्या मते अजून कच्च्या असलेल्या फायली ठेवल्या जात. साहेब म्हणायचे, “कच्चा आंबा लगेच कापलात तर लोक तोंड वाकडं करून थुंकतात. तोच अढीत ठेवा, मग बघा. झाड तेच, आंबा तोच, फक्त आपण हात आवरला.” अधूनमधून ते खाली वाकून कप्प्यात डोकावत आणि एखादी फाईल बोटानं चाचपल्यासारखी करून म्हणत, “ही पाडाला लागलीय हां.” माझा आदेश पिकायला महिना लागला. तोपर्यंत मी ऑफिसातही नव्हतो आणि शाळेतही नव्हतो. पगार मात्र चालू होता, त्यामुळे मीही हात आवरला.

शिक्षणाधिकारी म्हटल्यावर जे काही डोळ्यांपुढे येतं त्यातलं साहेबांकडे काही नव्हतं. बुटके, शर्ट बाहेर काढलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. (बायकोचं म्हणणं, मी ही गोष्ट दर वेळी सांगताना साहेबांची उंची एकेक बोट कमी करतो. तिनं त्यांना पाहिलंय, तेव्हा तिचं खरं धरा.) ऑफिसची जीप असे, पण ते बसनं जात. जीप लांबून दिसते, म्हणायचे, आणि ती दिसली की शाळेत सगळे एकदम शिकवायला लागतात. शाळेत शिरायचे ते मागून, खिचडी शिजत असायची त्या बाजूनं. आधी खिचडी चाखायची. मग सातवीच्या किंवा चौथीच्या वर्गात जाऊन शेवटच्या बसकरावर मांडी घालून बसायचं. मुख्याध्यापक खुर्ची घेऊन धावत यायचे आणि ती डोक्यावर धरल्यासारखी घेऊन उभे राहायचे.

तपासणीला त्यांचा प्रश्न एकच असे. बाराखडी नाही, पाढे नाहीत. पोरांना विचारायचे, “तुमच्या सरांना काय येत नाही?”

समुद्राकाठच्या डोंगरीला आम्ही गेलो तेव्हा पोरं आधी एकमेकांकडे बघत बसली. मग मागच्या एकानं हात वर केला. “सरांना पोहता येत न्हाय.” वर्गात हशा. “आन् मासा सोलता येत न्हाय.” “आन् सर वल्ह्याच्या होडीत बसाला पन भितात.” सर साताऱ्याकडचे, ते लालबुंद. साहेब मात्र भलतेच खूश. “मास्तर, यांना तुमचं काय येत नाही ते पाठ आहे. म्हणजे शाळा चांगली चाललीय. आता एक करा, यांच्याकडून पोहायला शिका.”

मास्तरांनी त्याच आठवड्यात विनंती बदलीचा अर्ज दिला. साहेबांनी तो अढीत घातला. वर्षानं मास्तर पोहायला लागले आणि अर्ज आपणहून मागे घेऊन गेले. “पिकला,” साहेब म्हणाले.

मलाही त्यांनी एकदा तपासलं. बसमध्ये शेजारी बसले असताना विचारलं, “मुलगी कुठल्या शाळेत आहे तुमची?”

“जवळच आहे साहेब, बिल्डिंगच्या मागं.”

“कुठल्या माध्यमाची?”

“अगदी जवळ आहे, साहेब.”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. पुढे कधी विचारलं नाही.

त्यांच्याबरोबरचे लोक केव्हाच वर गेले होते, कुणी उपसंचालक, कुणी त्याच्याही वर. साहेब डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेतून खात्याच्या परीक्षा देत देत इथवर आले आणि इथेच थांबले. फायली लवकर न हलवणाऱ्या माणसाला खातंही लवकर हलवत नाही. मी एकदा धीर करून विचारलं की तुम्ही आधीपासूनच असे आहात का. म्हणाले, “नाही हो. तरुणपणी फार चपळ होतो. विस्तार अधिकारी असताना एका वाडीतली शाळा भरदुपारी कुलूपबंद सापडली. तिथल्या तिथे शेरा मारला, महिन्याभरात शाळा बंद. तो त्यांचा आठवडी बाजाराचा दिवस होता, सुट्टी रविवारऐवजी त्या दिवशी घ्यायचे. मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. घाईत बंद केलेली शाळा परत उघडलेली मी बघितली नाही कधी.”

आता त्या शाळेचं सांगतो जिच्यासाठी हे सगळं लिहितोय. भाईंदरजवळच्या मुर्ध्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला एका पाड्यावर ती होती. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. पहिली ते सातवी, दोन खोल्या आणि एक पडवी. पोरं कमी होत चालली होती. तेव्हा वरून हुकूम आला की कमी पटाच्या शाळांचं समायोजन करावं. शाळा बंद करणं असं खात्यात कुणी म्हणत नाही. तिची पोरं दुसऱ्या शाळेत टाकून दाराला कुलूप लावायचं, याला समायोजन म्हणतात. या शाळेच्या समायोजनाची फाईल आली, साहेबांनी वाचली आणि अढीत घातली. वरून स्मरणपत्र आलं की तेही तिच्याच पोटात. तीन वर्षं ती शाळा साहेबांच्या खालच्या कप्प्याच्या जिवावर चालली. शाळेला याचा पत्ता नव्हता.

मग एका एप्रिलात दर्शनाची आई आली. मासळी विकून तशीच आलेली, टोपली शिपाईमामांच्या स्टुलाखाली ठेवून. तिची दर्शना त्या शाळेत सातवी पास होत होती, आणि तिच्याबरोबर पाड्यावरच्या आणखी पोरी. आठवी थेट भाईंदरला.

“साह्यब, पोरींना आठवी पायजे. तितंच, आमच्या शालेत.”

“भाईंदरला आहे की आठवी,” साहेब म्हणाले.

“हाय. पन तिचा बापूस न्हाय धाडनार. रस्त्यात काय मानूस न्हाय, काय न्हाय. रिक्षा मिलते का न्हाय मिलते. एकटी पोर कशी धाडू? आधीच्या वरसाच्या पोरी बसल्याच ना घरात.”

“दर्शना हुशार आहे का?”

“मना काय म्हाईत साह्यब? मी न्हाय शिकली. पन ती पुस्तक वाचताना चुलीवरचं भात करपवते.”

साहेब खुर्चीतून उठले. हे कधी होत नसे. “या जूनला तुमच्या शाळेत आठवी,” ते म्हणाले. “घ्या लिहायला,” हे मला. आणि खरंच, आठवीचा वर्ग जोडायचा प्रस्ताव आम्ही दोन दिवसांत तयार केला आणि साहेबांनी तो एक दिवसही अढीत न ठेवता वर पाठवला. ऑफिसात लोक एकमेकांना सांगत होते.

महिन्यानं तो परत आला. वर शेरा होता, की सदर शाळेच्या समायोजनाचं प्रकरण आपल्याच कार्यालयात निर्णयाविना पडून आहे. शाळा राहणार की जाणार ते आधी ठरवा, मग आठवीचं बोला.

साहेबांनी कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यासमोर चक्क जमिनीवर बसले. जुनी फाईल मांडीवर घेतली.

“ही काढली तर समितीपुढे जाणार,” ते म्हणाले. “समिती पट बघणार. पट कमी. शाळा गेली. नाही काढली तर आठवी अडते. आता काय करायचं, सांगा.”

“साहेब, मी कामगिरीवर आहे,” मी म्हणालो.

ते हसले नाहीत. मलाही ते म्हटल्यावर वाईट वाटलं.

वाट एकच होती. सप्टेंबरअखेरचा पट हा आमच्या खात्यात वर्षभराचा खरा पट धरतात. तोवर शाळेत पोरं वाढवायची. वाढीव पट कागदावर आला की त्याच दिवशी समायोजनाची फाईल काढून ‘आवश्यकता नाही’ असा शेरा मारायचा आणि मागोमाग आठवी. आणि तोपर्यंत दर्शना आणि तिच्या मैत्रिणींनी जूनपासून सातवीच्याच खोलीत मागे बसायचं. आठवीची पुस्तकं घेऊन, पाहुण्या म्हणून.

“हजेरीत नाव लागल ना, साह्यब?” दर्शनाच्या आईनं विचारलं.

“लागेल. सप्टेंबरनंतर.”

“मंग ठीक.” तिनं आणखी काही विचारलं नाही. साहेब म्हणाले म्हणजे झालं, असं तिचं होतं.

पोरं वाढवायची कुठून? मुर्ध्याकडे तेव्हा मिठागरांच्या बाजूला इमारती उठायला लागल्या होत्या. त्यांच्या पायाशी पत्र्याच्या झोपड्या, बांधकामावरच्या कामगारांच्या. एका रविवारी सकाळी साहेब, मी आणि शाळेचे मुख्याध्यापक तिथे गेलो. आम्हाला बघताच बायका आतून कडेवरची पोरं घेऊन बाहेर आल्या आणि एकीनं ठणकावून सांगितलं, “पिछले इतवार को तो पिलाया! ये देखो निशान!” आणि पोराची करंगळी आमच्या नाकापुढे धरली.

साहेबांचं हिंदी राजापूरच्या पुढे फारसं सरकलेलं नव्हतं. “हम पोलिओवाला नाही,” ते म्हणाले. “हम शाळावाला. बच्चा को शाळा में घालो.”

“क्या घालो?”

“डालो, डालो,” मी म्हटलं. “स्कूल में.”

“फीस?”

“फीस नाही. पुस्तक फुकट. खिचडी फुकट. खिचडी हमने खाया है, अच्छा है.”

ती बाई त्यांच्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघत राहिली. मग आतल्या कुणाला तरी हाक मारून म्हणाली, “अरे सुनो, मास्टर लोग बच्चे माँगने आया है.”

मुख्याध्यापक कुरकुरले. ही पोरं हिंदी बोलणारी, आपली शाळा मराठी, आणि इमारत झाली की ही जाणार. साहेब म्हणाले, “सर, सप्टेंबरपर्यंत इमारत होत नाही. आणि मराठीचं म्हणाल तर पाड्यावरची पोरं यांना महिन्याभरात शिकवतील. शिव्यांपासून सुरुवात करतील, पण शिकवतील.” तसंच झालं. जुलैत पडवी भरली. ऑगस्टमध्ये गेलो तर एक बिहारकडचा मुलगा दर्शनाला सांगत होता, “ताय, मना येत न्हाय.” साहेब कितीतरी वेळ ते वाक्य स्वतःशीच म्हणत होते.

दर्शना मला आठवते ती तिथलीच. सातवीच्या पाठी तिच्या मैत्रिणींची एक ओळ आणि ओळीच्या टोकाला ही. साहेबांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न टाकला तेव्हा ती म्हणाली, “सरांना आठवीचं बीजगणित येत न्हाय.” सर म्हणाले, “खरंय साहेब, मी सातवीपर्यंतचाच.” मग साहेबच बाकावरून उठले आणि फळ्यावर त्यांनी तासभर समीकरणं सोडवली. एका अधिकाऱ्याला आनंदानं घामाघूम झालेलं बघण्याची ती माझी पहिलीच वेळ.

ऑगस्ट संपता संपता साहेबांच्या बदलीचा हुकूम आला. त्यात कुणाचा डाव वगैरे नव्हता. रखडलेल्या प्रकरणांचा वर आढावा झाला, आणि त्यात आमचं ऑफिस शेवटून पहिलं निघालं. साहेबांनी हुकूम वाचला, घडी केली आणि शिपाईमामांना दिला.

“कच्ची ऑर्डर आहे. अढीत घाला.”

“साहेब, ही तुमची स्वतःची आहे,” मी म्हणालो.

“म्हणून काय झालं? महिनाभर काढला की झालं. पट येऊ दे.”

यात वेडेपणा होता असं आज वाटतं. तेव्हा वाटलं नाही. बदलीचे हुकूम महिना दोन महिने अंगावर न घेणारे आणि शेवटी रद्द करून आणणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते. तरी मी म्हटलं, “निदान समायोजनाची फाईल आज काढू. पोरं वाढली आहेत, तेवढं लिहून ठेवा.”

“कशाच्या आधारावर लिहू? आज लिहिलं तर ते माझं मत. पट आल्यावर लिहिलं तर ते सरकारचं. माझं मत कोण विचारतं?” आणि माझा चेहरा बघून म्हणाले, “थोडे दिवस हो. तीन वर्षं काढली की आपण.”

ते ‘थोडे दिवस’ आम्हाला मिळाले नाहीत. खात्यात एक प्रकार असतो, एकतर्फी कार्यमुक्त. माणूस बदलीच्या जागी हजर होत नसेल, तर त्याला न विचारता त्याच्या खुर्चीतून मोकळं करतात. साहेब त्या दिवशी पाड्यावरच्या शाळेतच होते. पटासाठी पोरांची नावं नीट लिहिली जातायत ना, ते बघत होते. इकडे दुपारी नवे साहेब आदेश घेऊन आले, खुर्चीत बसले आणि कपाटाची चावी मागितली. शिपाईमामांनी बाहेर जाऊन साहेबांना मोबाईल लावला. खाडीच्या अंगाला तेव्हा रेंज नसायची.

नवे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. तरुण, स्पर्धा परीक्षा देऊन आलेले, नम्र. मला पहिल्यापासून ‘सर’ म्हणाले, जे मला माझ्या विद्यार्थ्यांनीसुद्धा क्वचितच मनापासून म्हटलं होतं. त्यांना आठवडाभरात सगळी पडून असलेली प्रकरणं निकाली काढायची होती. पहिल्याच संध्याकाळी ती फाईल वर आली.

“साहेब, या शाळेचा पट वाढलाय,” मी म्हणालो. “दुप्पट झालाय.”

“अरे वा. कागदावर आहे?”

“अजून नाही. या महिनाअखेरीला येईल.”

“सर, ही फाईल तीन वर्षांपूर्वीची आहे.” ते रागावले नव्हते, खरोखर दुखावल्यासारखे दिसले. “तीन वर्षं. अजून किती थांबायचं? यातली स्मरणपत्रं बघा. याचं उत्तर मी काय देऊ?”

मी दर्शनाचं सांगितलं, तिच्या मैत्रिणींचं सांगितलं, सातवीच्या वर्गातल्या मागच्या ओळीचं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या मुली कुठल्या शाळेच्या पटावर आहेत?”

त्या कुठल्याच पटावर नव्हत्या. पाहुण्या होत्या.

सही झाली. समितीत विषय दोन मिनिटांत मंजूर झाला, कारण सगळेच कागद तयार होते. पटाची तारीख यायच्या आत शाळेचं समायोजन झालं. पाड्यावरची लहान पोरं भाईंदरच्या शाळेत रिक्षात कोंबून जायला लागली. झोपड्यांतली पोरं कुठंच गेली नाहीत.

साहेबांना एका प्रशिक्षण संस्थेत टाकलं होतं, लांब, तिकडे राजापूरच्या बाजूला. त्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. रात्रीच्या एसटीनं आले होते. बायकोनं पोहे केले. ते त्यांनी मान खाली घालून खाल्ले आणि म्हणाले, “मुर्ध्याला येता का माझ्याबरोबर?”

शाळेची बाकं उचलून नेली होती. फळा तेवढा भिंतीतला, म्हणून राहिला होता. साहेब तिथे थांबलेच नाहीत. दर्शनाच्या घरी गेलो तर तिची आई ओट्यावर जवळा वाळत घालत होती. लगबगीनं उठली, हात पुसले, सतरंजी टाकली. साहेबांना बघून तिला आनंद झाला होता, आणि तेच मला फार जड गेलं.

“दर्शना कुठाय?”

“कामाव गेलीय. गाल्यात.”

भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, तिथे ती पॉलिशच्या कामाला लागली होती.

“भाईंदरला?” साहेब म्हणाले. “तिचे वडील भाईंदरला पाठवत नव्हते ना?”

“शालेला एकलीच जावा लागलं असतं, साह्यब. बाकीच्या पोरी तर मंग तयार न्हाय झाल्या. कामाला पाड्यावरच्या बाया हायत सोबत. समद्या एका रिक्षात जातात.”

“रिक्षा,” साहेब म्हणाले. एखादी रिक्षा पोरींना ठरवून द्यावी, हे एवढ्या महिन्यांत ना त्यांना सुचलं होतं ना मला. आम्ही दोघं शाळा वाचवत होतो.

“माझं चुकलं, बाई,” ते शेवटी म्हणाले. “ती फाईल मी वेळेवर काढायला पाहिजे होती.”

तिला फाईल काय ते कळलं नसावं. “तुमी तरी काय करनार? तुमची बदली झाली,” ती म्हणाली.

साहेबांनी तिला सतरा नंबरच्या फॉर्मचं समजावलं. शाळेत न जाता, बाहेरून दहावीला बसता येतं. आत्तापासून अभ्यास केला तर दर्शनाला नक्की जमेल. शिकवायला ते स्वतः येतील.

“एवढ्या लांबून?”

“येईन की.”

ती म्हणाली, “मंग कवा येशाल, ते आज सांगा.”

“पुढच्या रविवारी.” पाच वर्षांत मी साहेबांच्या तोंडून दिवस ऐकला तो हा पहिला.

“रविवारी ती नसल, साह्यब. गाल्यांना सुट्टी शुक्रवारची.”

साहेब माझ्याकडे बघायला लागले. आठवडी बाजाराच्या त्या वाडीची आठवण मलाही झाली, पण मी ती काढली नाही. “शुक्रवारी,” ते म्हणाले. “शुक्रवारी येतो.”

आणि आले. गुरुवारी रात्री एसटीत बसायचे, शुक्रवारी दिवसभर पाड्यावर, रात्री परत. उभ्या नोकरीत रजा न घेतलेला माणूस, आता एका पाठोपाठ एक रजा टाकत होता. आठवीची पुस्तकं त्यांनी स्वतः खाकी कव्हरं घालून आणली होती. पहिल्या शुक्रवारी मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेलो. दर्शनाच्या बोटांच्या पेरांत पॉलिशचा काळा रंग बसला होता. वहीला लागू नये म्हणून ती पेन्सिल लांब धरायची. बीजगणित तिला आठवत होतं. एक समीकरण तिनं साहेबांच्या आधी सोडवलं, तेव्हा साहेबांनी अंगणात जाऊन उगीचच एक चक्कर मारली.

पुन्हा गेलो ते महिन्या-दीड महिन्यानं. दर्शना भिंतीला टेकून बसली होती. साहेब इतिहास वाचून दाखवत होते.

“सर, तुमी वाचा,” ती म्हणाली. “मी ऐकतंय.”

साहेब वाचत राहिले. पान उलटायला मान वर केली, तर तिची मान खांद्यावर कलंडलेली, तोंड थोडं उघडं.

“ए, ऊठ गो!” आई आतून धावली. “साह्यब इतक्या लांबून आल्यात आन् ही झोपते.”

साहेबांनी हात आडवा केला. “नको. निजू दे तिला.”

“एकच दिस गावतो तिला,” आई हळू आवाजात म्हणाली. “बाकी दिस उभ्यानं काम. मी सांगते तिला, साह्यबांचं ऐक. ती न्हाय म्हनत न्हाय. पन डोलाच लागतो.”

साहेबांनी पुस्तक आवाज न करता मिटलं. चहा आला. एरवी ते बशीत ओतून, फुरके मारत पीत. तो चहा त्यांनी घोटाघोटानं, अजिबात आवाज न करता संपवला. पुस्तकं दर्शनाच्या उशाशी ठेवली आणि आम्ही निघालो.

बस यायला वेळ होता. साहेब रस्त्याच्या कडेला कॅनव्हासच्या बुटांकडे बघत उभे होते.

“आठवीच्या वर्गात असती,” ते म्हणाले, “तर डुलकी काढली म्हणून मी तिला बाकावर उभी केली असती.”

मी बस येतेय का ते बघितलं.

“केली असती ना?”

“केली असती, साहेब.”

“फार बरं झालं असतं हो,” ते म्हणाले.